आठ रजिस्टरं, अकरा आकडे

गडहिंग्लजच्या सोमशेखरला कुणी सोपा मार्ग सुचवला की त्याला तो अपमान वाटायचा. १९९८ साली तो शिरोलीच्या एका फौंड्रीत कॉम्प्युटर बघायचा. साच्यात ओतलेलं लोखंड कसं थंड होतं ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम त्यानं लिहायला घेतला, तोही थेट प्रोसेसरच्या भाषेत.

गणिताला एका वेळी अकरा आकडे हाताशी लागत. प्रोसेसरच्या आत आकडे धरायच्या जागा, म्हणजे रजिस्टरं, होती फक्त आठ. त्यातलं एक राखीव. मधेच दुसरं काम आलं तर परत कुठं यायचं, ती खूण त्याच्या आधारानं ठेवली जायची. उरलेले आकडे मेमरीत ठेवणं सोमशेखरला मान्य नव्हतं. "वेग जातोय," म्हणायचा.

तीन आठवड्यांनी मालक आण्णांनी विचारलं, "कुठं अडलंय?"

"रजिस्टरं कमी पडत्यात, आण्णा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर जाड पुठ्ठ्याची डझनभर लाल रजिस्टरं! "आणखी लागली तर सांग, लाजू नको," आण्णा म्हणाले. सोमशेखरनं ती कपाटात ठेवली.

शेवटी त्यानं हट्टानं तीन रजिस्टरांत दोन-दोन आकडे कोंबले, राखीव जागाही लाटली आणि अकरा बसवले. चाळीस सेकंदांत चित्र तयार! आण्णांनी लगेच बेळगावचं गिऱ्हाईक बोलावलं. चित्र रंगात आलं असताना पाहुण्यानं सहज एक बटण दाबलं. प्रोसेसर बटणाकडं वळला, खूण ठेवायला गेला, तर त्या जागेवर लोखंडाची उष्णता बसलेली. पडदा काळाठिक्कर.

"पावणं, हात कशाला लावलासा?" आण्णा ओरडले.

"मी नुसतं बोट टेकलं की वो!"

धरणीनं पोटात घ्यावं असं सोमशेखरला वाटलं.

हाताखाली नुकतीच लागलेली कोडोलीची संयोगिता दोन दिवस तो प्रोग्रॅम वाचत बसली. तिनं राखीव रजिस्टर मोकळं केलं, सात आकडे सात रजिस्टरांत ठेवले आणि उरलेले चार मेमरीत शेजारी-शेजारी. एकेचाळीस सेकंद.

"मेमरीत ठेवून एवढ्यात कसं झालं?" सोमशेखरनं विचारलं.

"सारखे लागणारे आकडे प्रोसेसर आपणहून कॅशमधी ठेवतोय, सर. लहान मेमरी हाय, पण त्याच्या अगदी जवळ."

दारातले आण्णा दचकले. "कॅश? आपल्या गल्ल्यातली न्हाय न्हवं?"

"न्हाय वो, आण्णा!"

"एक सेकंद जास्त लागला," सोमशेखर पुटपुटला.

"पण बटण दाबलं तरी चालतंय की, सर."

तो टपरीवर जाऊन दोन चहा प्याला, परत आला आणि गणितात लागोपाठ लागणारे आकडे मेमरीतल्या उष्णतेच्या तक्त्यातही लागोपाठ मांडले. कॅशला ते सोयीचं पडलं. छत्तीस सेकंद! तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर हसू आलं.

बेळगावकर पुन्हा आले, खिशात हात घालून उभे राहिले आणि काम देऊन गेले. सोमशेखरनं प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आपल्या नावाखाली संयोगिताचं नाव घातलं. ते जरा बारीक अक्षरात घालायचं त्याच्या मनात होतं, पण तिथं तशी सोयच नव्हती.