जिब आणि जाइब

वारा थेट पाठीमागून येत होता. डिंभे धरणाच्या बॅकवॉटरवर हे नेहमीचंच. डोंगराच्या घळीतून वारा एकदम सुटतो आणि लगेच दिशा बदलतो. मी सुकाणूवर होतो. पुढे शिडाजवळ कोंडाजी. मध्ये पुण्याहून आलेलं एक जोडपं, मोबाइलवर व्हिडिओ काढत बसलेलं. काठ जवळ येत होता, बोट वळवायला हवी होती.

मी ओरडलो, "रेडी टू जाइब?"

कोंडाजी म्हणाला, "रेडी!"

मी सुकाणू फिरवलं, आणि त्याच क्षणी कोंडाजी उठून उभा राहिला.

पुढचं सांगण्याआधी दोन शब्द समजावतो. शिडाच्या बोटीला मधोमध डोलकाठी असते, तिच्यामागे मोठं शीड. त्या शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी दांडी असते, तिला बूम म्हणतात. पुढच्या लहान तिकोनी शिडाला म्हणतात जिब. आणि पाठीमागून वारा असताना बोट वळवली, की मोठं शीड बूमसकट एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फाडकन जातं. त्याला म्हणतात जाइब. ती ऑर्डर आली की सगळ्यांनी डोकं खाली घालायचं असतं.

बूम कोंडाजीच्या डाव्या कानावर बसली. तो पाण्यात पडला. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून वर राहिला. त्या पाहुण्याने आणि मी मिळून त्याला ओढून घेतला. कानातून रक्त येत होतं. तो शुद्धीवर होता, पण मी काय बोलतोय ते त्याला कळत नव्हतं.

मी शिनोलीचा. नेव्हीत वीस वर्षं काढली, त्यातली काही शिडाच्या ट्रेनिंग जहाजावर. गावाकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच, म्हणून मीही मेजर. रिटायर झाल्यावर इथल्या एका रिसॉर्टने मला शिडाच्या बोटी चालवायला घेतलं. मदतीला कोंडाजी, आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीतला. पावसाळ्यात भातशेती, उरलेले महिने बोटीवर. वय माझ्याएवढंच. पाण्याची आणि वाऱ्याची जाण माझ्याहून चांगली. डोंगरावरचं गवत कसं लवतंय ते बघून वारा कधी फिरणार हे तो सांगायचा.

त्याला शब्द मात्र जड जायचे. मी मराठीत सांगून बघितलं. "नांगर टाक" म्हटल्यावर तो हसत सुटला. "मेजर, नांगर शेतात धरत्यात, पान्यात टाकत्यात व्हय?" तेव्हापासून मी सगळं इंग्रजीतच ठेवलं.

ट्रेनिंगच्या दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "मेजर, जीब आन जाइब मला येकच वाटतंय. वाऱ्यात तर कायबी कळत न्हाई. आपण 'दांडी फिरली' म्हनू का?"

मी म्हणालो, "कोंडाजी, जगातल्या कुठल्याही जहाजावर जा, हेच शब्द. सवय कर."

मी नेव्हीत नवीन होतो तेव्हा हे शब्द येत नाहीत म्हणून मलाही हसले होते. मी ते रोज तळहातावर लिहून पाठ केले. मला जमलं, मग याला का नाही, असं वाटायचं. आता वाटतं, त्याच्याकडे शब्द होता. हट्ट माझा होता.

कोंडाजीवर घोडेगावला प्राथमिक उपचार झाले, मग त्याला पुण्याला हलवलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं.

"ऑर्डर दिली होती ना तुम्ही?"

"दिली होती."

"त्याने रेडी म्हटलं?"

"म्हटलं."

"मग विषय संपला. तसंच लिहा."

मी लिहिलं. घटनेचं कारण : 'क्रूने ऑर्डर पाळली नाही.' खाली सही केली. त्यात खोटं काहीच नाही, असं तेव्हा मला खरंच वाटलं.

महिन्याभराने मी त्याच्या वाडीला गेलो. कोंडाजी ओट्यावर बसला होता. त्याने उजवा कान माझ्याकडे केला. डावा कायमचा गेला होता. त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "भाऊ, कानाचं काय न्हाई. पर बांधावरनं चालताना कलत्यात. औंदा लावनीला खाचरात उतरू दिलं न्हाई मी."

मी विचारलं, "कोंडाजी, तू उठलास कशाला रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आसं काय इचारता मेजर? तुमी म्हनला, रेडी टू जीब. मी रेडी म्हनलो आन जीबची दोरी सोडाया उठलो. तुमी सांगितलं तेच केलं की!"

त्याच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो. "सर, रिपोर्ट बदलायचा आहे. त्याने ऑर्डर पाळली होती. ऑर्डरच चुकीची ऐकू गेली, आणि तसं होईल हे त्याने मला आधीच सांगितलं होतं."

"मेजर, रिपोर्ट पुढे गेला. त्याला कामावरून कमी केल्याचं पत्रही गेलं."

"कशावरून कमी केलं?"

"तुमच्याच रिपोर्टवरून."

मी दुसरा रिपोर्ट लिहून टेबलावर ठेवला. मॅनेजरने तो न वाचताच फाइलला लावला. कोंडाजीला काठावरचं तरी काम द्या, असं मी तीन वेळा सांगून बघितलं. तिसऱ्या वेळी हो म्हणाले. मी धावत वाडीला गेलो. कोंडाजी म्हणाला, "नको राव. पान्याकडं बघितलं की गरगरतं."

आता आमच्या बोटींवर वळताना "दांडी फिरली, खाली!" असंच ओरडतात. लहान पोरंसुद्धा लगेच वाकतात. जगातल्या बाकी जहाजांना त्याने काही फरक पडलेला नाही.

ऑर्डर देणाऱ्याने समोरच्याचं नुसतं 'रेडी' ऐकून भागत नाही. कशासाठी रेडी, हेही विचारावं लागतं. एवढा एक प्रश्न वीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी शिकवला नाही, आणि ज्याने शिकवला असता त्याला मी सवय कर म्हणालो.