रविवारचा चौकोन

जर्मन चाचांना 'बघू' हा शब्द खपत नसे. "बघू म्हंजे न्हाई. वार सांग," म्हणायचे. कुपवाडच्या कारखान्यातले हे फिटर उमेदीची वर्षं जर्मनीत राहून आले, आणि निवृत्तीनंतर सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत आम्हा नर्स पोरींना जर्मन शिकवू लागले.

पहिल्याच आठवड्यात मी इंग्रजीचा तोरा मिरवला. भविष्यकाळ आला की 'विल'च्या जागी जर्मन 'वेर्डन' कोंबायची. चाचा हसले. "इंग्रजीत 'आय कम टुमॉरो' म्हटलं तर साहेब हसतो. जर्मनीत तेच बरोबर, आपल्या 'उद्या येतो'सारखं. वेर्डन जास्त करून अंदाजाला. तू काय पावसाचा अंदाज सांगतीस काय गं?"

सराव भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाले. काय करणार ते ज्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. घडलं की चाचा बरोबरची खूण करत. नाही घडलं, तर जिचं वाक्य तिनंच सगळ्यांसमोर खोडायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मला एकदाच खोडावं लागलं, तर दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

त्यांच्याच जिवावर मी जर्मनीला गेले. दोन वर्षांनी रजेवर गावी, कुंडलला आले आणि फोनवर ऐटीत जर्मनमध्ये म्हणाले, "रविवारी येते." चाचा इतके खूश झाले, की "सारिका येतीया" म्हणून त्यांनी चाचींना हाक मारलेली मला ऐकू आली.

रविवारी साताऱ्याला मावशीकडे जेवण होतं, गप्पा रंगल्या. फोन करायचं सुचलंच नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं, कंटाळा केला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. बुधवारी चाचा गेल्याचा निरोप आला.

भेटायला गेले तेव्हा चाची शांतपणे म्हणाल्या, "पोरगा त्यास्नी रविवारी मिरजेला डॉक्टरकडं नेणार व्हता. हे उठंनात. म्हणाले, 'ती येतीया, सोमवारी जाऊ.' सांजपातूर दाराकडं तोंड करून बसलेले. सोमवारी अंगात बळच न्हाई राहिलं."

मला इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना. भिंतीकडे बघितलं. कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात चाचांच्या कापऱ्या अक्षरात, जर्मनमध्ये, 'सारिका येते' लिहिलेलं होतं. पुढे खूण नव्हती.

"पोरगा खोडत व्हता," चाची म्हणाल्या. "मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, तिचं ती येऊन खोडंल."

आणि त्यांनी चाचांचं पेन माझ्या हातात दिलं.