शिमग्यातले साग, श्रावणातलं पाणी

पोलादपूरच्या वर, घाटाच्या एका वळणावर मी बांधलेली गॅलरी आहे. तिथून समोरच्या कड्यावरून पडणारा धबधबा माथ्यापासून डोहापर्यंत अखंड दिसतो. आजही त्या वळणावर गेलो की माझी छाती आपोआप दोन इंच पुढे येते. ही गॅलरी म्हणजे माझं दुसरं काम. पहिलं तिथून दोनशे पावलांवर अजून उभं आहे आणि त्यातून काहीही दिसत नाही.

वाडीचं म्हणणं साधं होतं. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वळणावर हॉर्न वाजवायच्या आणि निघून जायच्या. त्या थांबाव्यात, वाडीतल्या बायकांच्या गटाला भाकरी-पिठल्याचं दुकान चालवता यावं, म्हणून वाडीनं सामायिक जागा दिली आणि काम माझ्याकडे आलं. महाडात जन्मलेला, महाडातच कचेरी असलेला आर्किटेक्ट, म्हणजे घरचाच माणूस. बाहेरच्याला इथलं काय कळणार, असं सरपंच म्हणाले. मीही मान डोलावली.

जागा पाहिली शिमग्याच्या आठवड्यात. स्वच्छ ऊन, समोर काळा कडा, मध्ये नुसत्या काठ्या उभ्या कराव्यात तसे सात साग. धबधबा अर्थात कोरडा होता. तो मी कचेरीत बसून कॉम्प्युटरवर सोडला. चित्र इतकं देखणं झालं की मी ते मोठं छापून वाडीच्या सभेत टांगलं. सगळे खूश. मागच्या रांगेतली एक मावशी तेवढी पुढे आली. ती त्या रानात म्हशी राखायची आणि ते साग तिचेच होते. तिनं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "पाणी श्रावणातलं नि झाडं शिमग्यातली. अशी भेट कधी व्हायची नाय रे."

लोक हसले. मीही हसलो. मावशीला चित्रकला कळत नाही, अशी माझी समजूत.

मे अखेरीपर्यंत खांब उभे राहिले, वर पत्रा चढला. जुलैत सरपंचांना घेऊन मोठ्या ऐटीत वर गेलो. धबधब्याचा आवाज येत होता, दणदणीत. समोर मात्र पानं. सुपाएवढी हिरवीगार सागाची पानं, एकावर एक. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो.

"दिसतंय काय?" सरपंचांनी विचारलं.

"ऐकू छान येतंय," मी म्हणालो.

सागाची पानं शिमग्याच्या आत झडतात आणि पावसात पुन्हा भरतात, हे इथल्या शेरडांनाही ठाऊक आहे. बेचाळीस वर्षं याच तालुक्यांत काढून मला ते खुर्चीवर चढल्यावर कळलं.

सरपंच बिचारे भले माणूस. "सात झाडं हायत. परवानगी काढू नि तोडू," म्हणाले. आम्ही दोघं मावशीकडे गेलो. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"तोडा. मग धबधबा दिसंल. नि सागांनी धरलेली दरडपण येल की गॅलरीत बसायला."

दरड म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुढे बोलत नाही. सरपंचांनी परवानगीचा विषय तिथंच सोडला. मी विचारलं, "मावशी, मग तुम्ही कुठून बघता?"

"मी कशाला बघतेय? मी म्हशी बघते. धबधबा आपला मधी येतो."

तरी ती उठली, इरलं डोक्यावर घेतलं आणि आम्हाला सागांच्या पलीकडे एका कातळावर घेऊन गेली. मी कडेला उभा राहिलो मात्र, दरीतून चढणाऱ्या वाऱ्यानं माझी छत्री उलटी केली आणि चष्म्यावर बादलीभर तुषार मारले. मावशी तोवर कातळातल्या एका खळग्यात दगडाला पाठ टेकून बसलीसुद्धा.

"बस खाली. उभ्या माणसाला हितं काय गावत नाय."

बसलो. वारा डोक्यावरून जाऊ लागला. चष्मा पुसला आणि समोर अख्खा धबधबा. खालचं अर्धं पाणी वाऱ्यानं उचलून पुन्हा वर न्यायचं, कड्यावर पसरायचं. माझ्या चित्रात हे नव्हतं.

मी टेप काढला आणि जमिनीपासून मावशीच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजलं.

"माझं माप कशाला घेतोस? पोलकं शिवतोस?"

"गॅलरी शिवतोय," मी म्हणालो.

नवं काम त्या मापावर झालं. मनोरा नाही, काच नाही. त्याच खळग्याची लांबी वाढवून काळ्या दगडाची बसकी ओळ, पाठीला भिंत, समोर वारा उचलणारी बुटकी पाळ. लोखंडी कठडा उतारावर खाली नेला, नजरेत येऊ नये म्हणून. साग सातही जागेवर आहेत. जुन्या पत्र्याखाली बायकांच्या गटाची चूल पेटते. दरी दिसत नसल्यामुळे तिथे वारा लागत नाही, भाकरी छान होते. माझं ते चित्र त्यांनी चुलीमागे टांगलंय. काढा म्हणून विनवलं, तर म्हणतात, गिऱ्हाईक हसतं नि एक भाकरी जास्त खातं.

गेल्या पावसात गेलो तेव्हा वळणावर गाड्यांची रांग होती. दगडी ओळीवर जागा नव्हती. मावशी म्हशी सोडून आली आणि पुण्याच्या एका कुटुंबाला म्हणाली, "जरा सरका, ही माझी जागा हाय." ते सरकले. त्यांच्यातल्या एका बाईनं कौतुकानं विचारलं, किती विचार करून बांधलंय, कुणी बांधलं हे?

"मी," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे हनुवटी करून, "दगड ह्यानं लावले."

मी तिच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत बसलो. पाणी वर चढत होतं.