कॅन्टीनच्या टेबलावरचं बिटकॉइन

एकाच टेबलावर वर्षानुवर्षं डबा खाल्ला की किस्से आपोआप साठत जातात. कुणी जमवायला बसत नाही. आज कुणी एक सांगतं, उद्या दुसऱ्याला त्यावरून तिसरंच आठवतं, आणि एक दिवस लक्षात येतं की आपल्याकडे सांगण्यासारखं बरंच काही झालंय.

मी लोणावळ्याची. आंबीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या टेबलावर चौघं. टूलरूमचे दत्ताभाऊ, सुदुंबऱ्याचे, वयानं सगळ्यांत मोठे. स्टोअर्समधला किरण, तळेगावचा, बोलायला सगळ्यांच्या पुढे. इलेक्ट्रिशियन नीलेश, भाज्याचा, विचारल्याशिवाय न बोलणारा. आणि मी. आमचे विषय म्हणजे सुट्ट्या, सुपरवायझर आणि उशिरा येणारी बस. त्यात मध्येच हे बिटकॉइन आलं आणि टेबलावरून हललंच नाही.

ते आणलं नीलेशनं.

भाज्याला त्याच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. लेणी बघायला आलेला एक परदेशी माणूस तिथं राहिला होता. निघताना त्याचं कार्ड चालेना. एटीएमसाठी मळवलीला जाऊन आला, तिथंही चालेना. बिचारा लाजला. म्हणाला, माझ्याकडे बिटकॉइन आहे, चालेल का?

नीलेशनं नाव ऐकलं होतं, एवढंच. त्या माणसानं ओट्यावर बसून नीलेशच्या फोनमध्ये वॉलेट, म्हणजे हे पैसे ठेवायचं ॲप, टाकून दिलं, पैसे पाठवले आणि सगळं नीट समजावलं. या पैशाला बँक नाही, मालक नाही, तक्रारीची खिडकी नाही. सांभाळलंस तर तुझं, हरवलंस तर गेलं.

पाहुणा गेल्यावर नीलेशच्या आईनं विचारलं, "दिलं का त्यानं पैसं?"

"दिले."

"बगू."

नीलेशनं फोन दाखवला. माउलीनं स्क्रीनकडे बघितलं, मग पाहुणा गेला त्या वाटेकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे. माणूस बरा व्हता."

*

किरणला हे कळल्यावर त्यानं लगेच स्वतः घेतलं. रीतसर कागदपत्रं देऊन, जिथं हे विकतात-घेतात अशा एका एक्स्चेंजवर खातं काढलं आणि आठवड्याभरात आम्हाला शिकवायला लागला. म्हणे, पुढे सगळे व्यवहार यातच होणार.

"मग चहाचे दे ना यातून," मी म्हटलं.

गेटबाहेर एका आक्कांची टपरी आहे. किरणनं त्यांना पटवलं, त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये वॉलेट टाकलं आणि मोठ्या थाटात एका चहाचे पैसे पाठवले. ते पाठवायची फी चहापेक्षा जास्त निघाली. वर पैसे पोहोचेनात. त्या दिवशी नेटवर्कवर गर्दी होती म्हणे.

"आलं का?" आक्कांनी विचारलं.

"येतायत. जगभरातले कॉम्प्युटर आधी तपासतात, मग येतात."

आक्का गाळणी झटकत म्हणाल्या, "एका चासाटी जगाला कशाला तरास देता?"

किरणनं खिशातून दहाची नोट काढून दिली.

*

आमचे मॅनेजर साहेब यातले खरे जुने खेळाडू निघाले. त्यांनी फार पूर्वीच घेऊन ठेवलं होतं, तेही फोनमध्ये नाही, पेन ड्राइव्हसारख्या एका छोट्या यंत्रात. त्याला पिन असतो. ठरावीक वेळा पिन चुकला की यंत्र आतलं सगळं पुसून टाकतं. चोराच्या हाती लागू नये म्हणून केलेली सोय. त्याशिवाय पैसे परत मिळवायचा दुसराही रस्ता असतो, पण त्याचा कागद त्यांनी घर बदलताना गमावला होता.

आणि पिन ते विसरले.

एकदा यंत्र बिघडलंय का बघायला त्यांनी नीलेशला केबिनमध्ये बोलावलं. यंत्र ठणठणीत होतं. आता शेवटचा एकच प्रयत्न उरला होता.

"करून बघता का साहेब?" नीलेशनं विचारलं.

साहेबांनी यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणाले, "राहू दे. उघडलं नाही तोवर ते आहे असं म्हणता येतं."

*

किरणचा दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही. त्यानंच आम्हाला सांगितला, म्हणून सांगते.

त्यानं आपल्या वॉलेटचा पत्ता व्हॉट्सॅप स्टेटसला टाकला होता. कुणाला पाठवायचे असतील तर पाठवा, अशी फुशारकी. त्याला वाटत होतं, हा पैसा म्हणजे गुपित, सरकारलाही दिसत नाही. खरं म्हणजे उलट आहे. त्या पत्त्यावर काय आलं, काय गेलं, सगळं जगाला उघडं असतं. फक्त तो पत्ता कुणाचा ते कुठे लिहिलेलं नसतं. किरणनं ते स्वतःच लिहून टाकलं.

त्याच सुमारास त्याच्या मेव्हण्यानं मदत मागितली होती. बहिणीच्या सासऱ्यांचं डायलिसिस सुरू होतं. किरण म्हणाला, "माझं सगळं अडकलंय हो. आत्ता हातात काहीच नाही."

मेव्हणा आयटीतला. त्यानं तो पत्ता एका साइटवर टाकला. किरणनं त्याच आठवड्यात आणखी कॉइन घेऊन त्या पत्त्यावर आणून ठेवले होते. सगळं ओळीनं दिसत होतं.

बहीण भाऊबीजेला आली, पाट मांडला, ओवाळलं. ताट खाली ठेवताना हळूच म्हणाली, "दादा, नाही म्हणायचं होतंस तर नुसतं नाही म्हणायचंस. अडकलंय कशाला म्हणालास?"

हे सांगताना किरणचा डबा उघडाच राहिला होता. पुढे त्यानं काय केलं ते आम्ही विचारलं नाही. पण त्यानंतर त्याच्या स्टेटसला देवाचे फोटो तेवढे दिसतात.

*

दत्ताभाऊ आमचं सगळं ऐकायचे आणि भाकरी मोडत राहायचे. त्यांनीही यात पैसे घातलेत, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

एक दिवस ते नीलेशजवळ येऊन म्हणाले, "जरा फोन बगतो का? कर भरायचाय, जमंना."

त्यांना कुणीतरी एका व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये घेतलं होतं. तिथली एक मॅडम रोज सकाळी नमस्कार पाठवायची, तब्येत विचारायची. तिनं एक ॲप दिलं. भाऊंनी त्यात वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे घातले. ॲपमध्ये ते रोज वाढताना दिसत होते. आता ऑपरेशनची तारीख ठरवायची म्हणून काढायला गेले, तर ॲप म्हणालं, आधी कर भरा.

नीलेशनं फोन बराच वेळ बघितला. मग विचारलं, "भाऊ, यातलं थोडं तरी कधी बाहेर काढून बघितलंय?"

"न्हाई. वाढतंय म्हनून ठिवलं."

"भाऊ, हे बिटकॉइन नाही. हे नुसते आकडे आहेत. कुणीतरी तिकडे बसून टाइप करतंय. कर भरू नका."

दत्ताभाऊंनी फोन घेतला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि मशीनवर गेले. त्या दिवशी त्यांनी केलेला जॉब माझ्याकडेच तपासायला आला. त्यात तसूभर चूक नव्हती. मला ते बघून जास्तच वाईट वाटलं.

घरी सांगायचा त्यांना धीर होईना. शेवटी नीलेश त्यांच्याबरोबर सुदुंबऱ्याला गेला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. नीलेशला म्हणाल्या, "यांना सांग, गुडगा माजा हाय. मी अजून चालती. ह्यांनी जेवायचं सोडू नये."

सायबरला तक्रार केली. थोडे पैसे वाटेतच गोठवता आले, बरेचसे गेले. वहिनींचं ऑपरेशन पुढे सरकारी योजनेतून झालं.

त्यानंतर एकदा डबा खाताना भाऊंना फोन आला. तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा. बोलणारा मुलगा मराठी होता. भाऊंनी स्पीकर लावला आणि त्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आम्हाला वाटलं, आता शिव्या देतील.

भाऊ म्हणाले, "बाळा, ह्ये काम तुला कुनी लावलं? घरी म्हाईत हाय का?"

पलीकडून फोन लगेच ठेवला गेला नाही.

*

आता नीलेशच्या आईचं सांगते.

त्या पाहुण्यानंतर नीलेशला आणखी काही पाहुण्यांनी तसेच पैसे दिले. तो स्वतःही पगारातून थोडं थोडं घेत होता. बोलत मात्र नव्हता. मग एका दुपारी कार्ल्याच्या फाट्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. फोनचा चुरा झाला. डोक्याला मार होता, आत रक्त साकळलं होतं. तळेगावच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करावं लागेल. कंपनीचा विमा होता, पण मंजुरी लगेच मिळत नव्हती आणि हॉस्पिटल आधी रक्कम मागत होतं. आमच्याकडे होतं नव्हतं ते आम्ही भरलं. पुरेना.

किरण म्हणाला, "त्याच्याकडे बिटकॉइन असणार. पण फोनच गेला."

आई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "फोन गेला तरी चालतं. शब्द मला येत्यात."

आम्हाला कळेना. वॉलेट नवीन फोनमध्ये उघडायचं तर इंग्रजीतले बारा शब्द ओळीनं लागतात. तीच खरी किल्ली. ज्याला शब्द माहीत, पैसा त्याचा. बहुतेक लोक कागदावर लिहून ठेवतात. नीलेशच्या घरात सतत पाहुण्यांची ये-जा, म्हणून त्यानं लिहिलेच नव्हते. आईकडून पाठ करून घेतले होते. त्या माउलीला मराठी वाचता येत नाही, इंग्रजी तर लांबच. भात लावताना, भांडी घासताना त्यांनी ते बारा शब्द अर्थाशिवाय घोकले होते.

"मावशी, मग सांगा ना," किरण म्हणाला.

त्या म्हणाल्या, "कुनाला सांगू नको म्हनलाय. सख्ख्या भावाला पन न्हाई."

"पण त्याच्यासाठीच हवेत ना?"

"व्हय. पन त्यानं न्हाई म्हनलंय."

कुणाला राग यावा असं त्यांचं बोलणं नव्हतं. एका बाजूला पोराचा जीव, दुसऱ्या बाजूला पोराला दिलेला शब्द, आणि त्यांना दोन्ही खरंच तेवढं जड वाटत होतं. दत्ताभाऊ काहीतरी बोलणार होते, मी त्यांना थांबवलं.

मावशी उठल्या आणि नर्सला म्हणाल्या, "मला त्याला इचारू द्या."

नर्सनं त्यांना हिरवा गाऊन घालायला दिला आणि आत सोडलं. काचेतून दिसत होतं. नीलेश बेशुद्ध होता, तोंडात नळी. त्या त्याच्या कानाशी वाकल्या, काहीतरी बोलल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. उत्तराची वाट बघत होत्या.

बाहेर आल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता न्हाई म्हनला न्हाई."

मग किरण आणि दत्ताभाऊंकडे वळल्या. "तुमी जरा तिकडं जावा." दोघं मुकाट्यानं जिन्यापाशी गेले. मला घेऊन त्या मागच्या पार्किंगमध्ये आल्या आणि एका ॲम्ब्युलन्सच्या आडोशाला उभ्या राहिल्या. मी माझ्या फोनमध्ये वॉलेट टाकलं. त्या एकेक शब्द सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. पहिली अक्षरं टाकली की ॲप शब्द सुचवतं, त्यामुळे जमत होतं. एका शब्दाशी अडलं. तो एक सांगायला हरकत नाही. मावशी "येलवेट" म्हणत होत्या. तसा शब्द यादीत नव्हताच. चार वेळा म्हणून झाला. त्यांनी विचारलं, "चुकलं का माजं?"

मग माझ्या डोक्यात आलं, मावशी 'वेळ'ला 'येळ' म्हणतात. वेलवेट.

बाराही शब्द बसले. वॉलेट उघडलं. लागेल तेवढं किरणच्या एक्स्चेंजच्या खात्यात पाठवलं, त्यानं तिथंच विकलं आणि रक्कम हॉस्पिटलला भरली. अंधार पडायच्या आत नीलेशला ऑपरेशनला घेतलं. मी माझ्या फोनमधून वॉलेट काढून टाकलं. मावशींनी ते शेजारी उभं राहून बघितलं.

नीलेश वाचला. शुद्धीवर यायला बरेच दिवस लागले, बोलायला आणखी. तो बोलायला लागल्याचं कळल्यावर आम्ही तिघं भेटायला गेलो. मावशी उशाशी बसून त्याला पेज भरवत होत्या. नीलेशनं आम्हाला ओळखलं, हसायचा प्रयत्न केला. दत्ताभाऊंना रडू आवरेना.

मावशींनी वाटी खाली ठेवली, माझ्याकडे बोट केलं आणि लेकाला म्हणाल्या, "ह्या पोरीनं ऐकल्यात रं सगळं. पोरगी गुनाची हाय. पन तू मला नवं शब्द दे."