बायोसमध्ये जा

आमच्या पालघरच्या घरात दोन कॉम्प्युटर होते आणि टेबलावर एकच दिसायचा. दुसरा पहिल्याच्या पोटात होता.

तो मीच तिथे घातला होता. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात एका जुन्या मराठी टायपिंगवर बसला होता आणि ते टायपिंग नव्या मशीनवर काही केल्या चालेना. मग मी नव्या मशीनच्या आतच जुनी सिस्टिम बसवून दिली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आई त्याला 'पोटातला' म्हणायची. ("हे पोटातल्यावर बसलेत, जेवायला मागाहून येतील.") त्या पोटातल्यात अण्णांनी आपल्या आठवणी लिहिल्या. किनाऱ्यावरचं गाव, आजोबांची होडी, वाळत घातलेले बोंबील, सगळं. मागच्या वर्षी अण्णा गेले आणि लिखाण पोटातच राहिलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात अण्णांच्या आठवणींची छोटी पुस्तिका द्यायची, एवढी एकच गोष्ट आईने वर्षभरात माझ्याकडे मागितली होती. प्रत्येकाच्या, म्हणजे बायो सोडून. बायो ही अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या, माकुणसारला असते. अण्णांच्या तेराव्याला आईने भिंतीवर त्यांचा चष्म्यातला फोटो लावला. बायो म्हणाली, "ह्यो माझा भाऊ वाटतच नाय!" झालं! तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मी दोघींचा लाडका. त्यामुळे मी दोघींशीही या विषयावर वर्षभर एक अक्षर बोललो नाही.

छापखानेवाल्याला फाइल शुक्रवारी सकाळी हवी होती. मी मशीन सुरू केलं बुधवारी. (वर्षभर काय करत होतो, हे कृपया विचारू नये.) वर्षभर झोपलेल्या मशीनने साठलेली सगळी अपडेट एकदम घ्यायला घेतली आणि अर्ध्या वाटेत अडकलं. पडद्यावर ठळक लिहिलं होतं, मशीन बंद करू नका. मी बंद केलं. इथे सांगायला हवं की बोईसरच्या एका कारखान्यात मी आयटी विभागात आहे आणि 'अपडेट चालू असताना मशीन बंद करू नये' ही पाटी तिथे माझ्याच सहीने लागली आहे.

मशीन परत उठलं, पण पोटातला उठेना! 'व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही' एवढंच म्हणत राहिला. मी अपडेट काढून पाहिली, परत घालून पाहिली, मोडलेल्या सिस्टिम फाइली दुरुस्त करणारे होते नव्हते ते सगळे हुकूम सोडले. संध्याकाळी मशीनने कळवलं, दुरुस्ती यशस्वी झाली आहे. पोटातला तसाच आडवा.

"त्याची दुसरी कॉपी असंल ना?" आईने विचारलं. "तू सगळ्यांना सांगतोस, कॉपी ठेवा म्हणून."

"सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो.

आई अण्णांच्या फोटोकडे बघत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी कारखान्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अपडेटच्या गोंधळात मशीनच्या मुळातल्या सेटिंग बदलल्या असणार, आणि व्हर्च्युअलायझेशनचं बटण तिथेच बंद झालं असणार. त्या जागेला बायोस म्हणतात. मला लगेच निघता येत नव्हतं. मी कंप्रेसरच्या शेजारी उभा राहून घरी फोन लावला.

"आई, नीट ऐक. आता तुला बायोसमध्ये जायचंय."

"बायोसमोर? मी?"

(कंप्रेसरच्या घरघरीत मला फक्त 'मी' ऐकू आलं.)

"हो, तूच. सगळं तिथेच अडकलंय, आई. तिथे जाऊन बंद पडलेलं परत चालू केलं की झालं."

"खरं हाय रे तुझं," आई हळू म्हणाली. "पण कसं चालू करू?"

"सोपं आहे. सुरुवातीलाच दाबायला लागायचं. दाबत राहायचं, सोडायचं नाही."

"मी दाबू? माझ्याहून लहान हाय ती!"

(मला वाटलं, कीबोर्डवरची कळ.)

"लहान असली म्हणून काय झालं? आत्ता सगळं तिच्यावरच आहे! आणि निघताना सेव्ह करून निघ, नाहीतर केलेलं सगळं वाया."

"सेवा करून?"

"हां, सेव्ह करून!"

"बरं," आई म्हणाली. "तू म्हणतोस तर जाते."

साठी उलटलेली माझी आई बायोसमध्ये शिरायला तयार झाली! मी शेजारच्या टेबलावर तीनदा हे सांगितलं. कळ कोणती दाबायची ते सांगायचं राहिलं, हे माझ्या लक्षात तासाभराने आलं. फोन लावला तर उचलेना. परत लावला, उचलेना. काहीतरी भलतंच दाबून तिने अण्णांचं सगळं पुसून टाकलं असेल आणि आता ती एकटीच रडत बसली असेल, असं मनात आलं. मी परवानगी घेतली आणि मोटरसायकल काढली. कोळगावला जिल्हा कचेरीपाशी गाड्यांच्या गर्दीत अडकलो, तेवढ्यातही दोन फोन केले.

घराला कुलूप. शेजारच्या काकू दारातच होत्या.

"आई माकुणसारला गेली तुझी. बायोकडे. म्हणाली, लेकानेच पाठवलंय."

मी जिन्यातच बसलो आणि दुपारची सगळी वाक्यं मनात परत म्हणून पाहिली. 'दाबत राहायचं'पर्यंत आलो आणि उठून मोटरसायकलला किक मारली.

माकुणसारला बायो ओटीवर खुर्चीत बसली होती. आई खाली पाटावर बसून तिचा पाय खोबरेल लावून दाबत होती. दोघींचे डोळे लाल.

"आलास?" आई म्हणाली. "दीड तास झाला दाबतेय. सोडायचं नाय म्हणालास ना."

"आरं, थांबव तिला," बायो माझ्या कानाशी म्हणाली. "दुखतोय उजवा गुडघा, ही दाबते डावा! वर्षाने आली दारात, बोलू कशी?"

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर मी हे भांडणही त्या अपडेटसारखंच साठू दिलं होतं, आपोआप मिटेल म्हणून. आपली आई आणि आपली आत्या, आणि मध्ये बोलायची हिंमत नाही, याची मला तिथे ओटीवर खरोखर लाज वाटली.

बायो आमच्याबरोबर पालघरला आली. आता बायोसमध्ये मी स्वतः शिरलो, तर दारातच पासवर्ड! मी कपाळावर हात मारला. मशीनच्या बायोसला पासवर्ड ठेवावा, असं एक परिपत्रक मी कारखान्यासाठी काढलं होतं आणि कौतुकाने घरी दाखवलं होतं. कारखान्यात ते कोणीही पाळलं नाही. अण्णांनी पाळलं. मी आईचं नाव टाकलं, चूक. माझं टाकलं, चूक. होडीचं टाकलं, तेही चूक, आणि मशीन बंद.

"काय मागतंय ते?" आईने विचारलं.

"बायोसचा पासवर्ड."

"मग बायोलाच विचार की. बसलीय ना इथं."

मी हसणार होतो, तेवढ्यात बायो म्हणाली, "दादाने फोन केला होता मला. म्हणाला, बायो, मशीन तुझं नाव मागतंय. मी म्हटलं, दे की मग."

मी मशीन परत सुरू केलं. बी, ए, वाय, ओ. दार उघडलं.

बटण चालू केलं, सेव्ह केलं, आणि पोटातला उठला. अण्णांची अक्षरं जशीच्या तशी होती. मी शेवटच्या पानावर गेलो. तिथे लिहिलं होतं, 'मासळी खारवताना आई मीठ किती घालायची? बायोला विचारणे.' पुढे काही नव्हतं. मला रडू आलं. आईलाही आलं.

बायोने पडद्यावर बोट ठेवलं. "एक मूठ," ती म्हणाली. "पण आईच्या मुठीने. माझी मोठी हाय."

"लिहून घे," आई मला म्हणाली. त्या जुन्या टायपिंगवर मला 'मूठ' उमटवता येईना. म्हणून पुस्तिकेत तेवढं उत्तर आईच्या हस्ताक्षरात छापलंय. मुखपृष्ठावर अण्णांचा चष्म्यातला फोटो आहे आणि मागच्या पानावर बिनचष्म्याचा.

आता त्या फाइलच्या कॉपी ठेवल्या आहेत. एक आईकडे, एक बायोकडे, दोन्ही उघड्या. तिसरी माझ्याकडे, परिपत्रकाप्रमाणे पासवर्ड लावून. तो मला आठवत नाही, आणि या वेळी बायोला विचारूनही झालंय.