कोंबडीची फिर्याद

आमच्या साहेबांना मी एकदाच गप्प बसलेलं पाहिलं, आणि त्या वेळी जेवढी भीती वाटली तेवढी त्यांच्या ओरडण्याची कधी वाटली नाही. एरवी साहेब ओरडत. पंख्यावर ओरडत, टाईपरायटरवर ओरडत, कौलांतून गळणाऱ्या पावसावर तर असे ओरडत की जणू पाऊस हा नवीन भरती झालेला शिपाईच. चौऱ्याऐंशी साली ते रत्नागिरीच्या ठाण्यात इन्स्पेक्टर म्हणून आले आणि आठवड्याच्या आत त्यांचं नाव पडलं तिरफळसाहेब. बांगड्याच्या कालवणात तिरफळ हवंच, पण चुकून दाताखाली आलं की जीभ बराच वेळ आपली राहत नाही. नाव मी पाडलं होतं. ते त्यांना कळलंय हे मला कळलं तेव्हा ते स्वतः दारात उभे राहून म्हणत होते, "गुरव, तिरफळ आत बोलावतंय तुला."

त्यांचा सगळ्यात मोठा भडका उडे तो 'घरगुती बाब' या दोन शब्दांनी. त्या काळी नवऱ्याने मारलं म्हणून बाई ठाण्यात आली की आमचा कार्यक्रम ठरलेला असे. तिला बाकावर बसवायचं, नवऱ्याला बोलावून घ्यायचं, दोघांना समोरासमोर उभं करून 'समज' द्यायची, आणि ज्याने मारलं त्याच्याच मागोमाग तिला घरी पाठवायचं. वर संसार जुळवला म्हणून आम्ही चहा प्यायचो. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला असा चहा पिताना पकडलं.

"सायकलचोर सापडला की त्याला काय करतोस रे?"

"कोठडीत घालतो, साहेब."

"समज देऊन सायकलीसकट घरी नाही पाठवत?"

"नाही, साहेब."

"मग हिला कशी पाठवलीस, शिंच्या?" एवढं म्हणून त्यांनी माझा कप खिडकीतून बाहेर फेकला. कप माझ्या पैशाचा होता. तो राग मी बरेच महिने मनात धरला होता, इतका मी हुशार.

बाई आली की साहेब आधी ऐकायचे ते तोंड कुणाचं उघडतंय ते. प्रश्न बाईला विचारला आणि उत्तर नवऱ्याने दिलं की साहेब एकदम गोड होत. "अहो, जरा बाहेर आमच्या जीपचा नंबर बघून या बघू." नवरा गोंधळून जाई, नंबर पाठ करून येई. "छान. आता मागच्या पाटीवरचा बघून या. सारखाच आहे ना, खात्री करा." तो गेला की साहेब आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून बाईकडे पाठ करून बसत. म्हणत, "पोलिसाच्या तोंडाकडे बघून खरं बोलायला चोरालासुद्धा जमत नाही, हिला कसं जमेल?" आणि मग तो पंख्याला घाबरवणारा आवाज अगदी खाली यायचा. विचारणं थोडंच असे. पूर्वीपेक्षा वाढलंय का? सोडून गेलीस तर काय करीन म्हणतो? आणि हात गळ्यापर्यंत गेला का? शेवटच्याला 'हो' आलं की साहेब त्या बाईला त्या घरी परत जाऊ देत नसत. आम्ही कुरकुरायचो, त्यात काय एवढं, रागात माणसाचा हात जातो कुठेही. "गळ्याला हात लावणारा मारत नसतो रे," साहेब म्हणायचे, "तो सराव करत असतो."

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की पुरुष घरी बसतात, म्हणून साहेब मिरकरवाड्यात गस्त वाढवत. आमचा एक कारकून एकदा म्हणाला, "ही दर्याकडची माणसंच तशी, साहेब." त्यावर साहेब म्हणाले, "वकिलाच्या बंगल्याची भिंत जाड असते, एवढाच फरक." त्याच कारकुनाने मग हळूच विचारलं, साहेबांच्या घरात कुणावर असा प्रसंग आला होता का. ठाण्याबाहेरच्या रिक्षावाल्यांनीही उत्तर ऐकलं: "घर पेटलं की विझवायला धावणाऱ्याला विचारता काय रे, तुझं घर कधी पेटलं होतं म्हणून?"

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

पुढच्या वर्षीचा एप्रिल संपत आला होता. साहेब साक्षीसाठी कोर्टात आणि ठाणे अंमलदार जेवायला, म्हणजे राज्य माझं. एक बाई आली. तिशीच्या आतली, हातात कापडी पिशवी, आणि त्या घामाच्या धारांत पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. साहेब कधी येतील, विचारून बाकावर बसली. मी म्हटलं, काय असेल ते मला सांगा. तिने माझ्याकडे पाहिलं, मी नुकत्याच वाढवलेल्या मिशांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोंबडी गेली माझी."

"रंग?"

"कसला?"

"कोंबडीचा."

ती जरा थांबली. "तांबडी." मग म्हणाली, "साहेब रातचे हितंच असतात काय ओ?"

मी म्हटलं, कोंबडीसाठी साहेबांची झोप मोडायला नको, मी समर्थ आहे. नाव सांगितलं सुगंधा. नवरा बर्फाच्या कारखान्यात मुकादम. उठताना तिची पिशवी कलंडली. आत लहान मुलीचा फ्रॉक आणि छोट्या चपला. शिंप्याकडे चालली असणार, असा मी कयास बांधला. चपला शिंपी शिवत नाही, हे मला सुचलं नाही. दारातून ती वळली. "घरी नका सांगू हां. आमच्या ह्यांना आवडायचं नाय."

मी मान डोलावली. डोलावली आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटीवर जाण्याआधीच, मी तिच्या वाडीत शिरलो आणि कुंपणाच्या दगडी गडग्यावर काठी आपटून जाहीर केलं की तांबडी कोंबडी ज्याने नेली असेल त्याने मुकाट्याने आणून द्यावी. कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याने घाबरून स्वतःचीच एक तांबडी कोंबडी माझ्या हातात दिली. गुन्ह्याची उकल झाली! कोंबडी काखोटीला मारून मी मुकादमाच्या घरापुढच्या खळ्यात उभा राहिलो.

मुकादम म्हणजे देवमाणूस. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. "या या, हवालदारसाहेब!" मी साधा शिपाई, पण त्याने एका शब्दात बढती दिली आणि मी ती घेतली. मोसमातला पहिला फणस फोडला होता, त्याचे गरे पुढे केले. कोंबडी पाहून म्हणाला, "आमची? नाही हो. मी माळकरी, या घरात अंडंसुद्धा येत नाही."

इथे दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. मला अपमान वाटला. "नाही कशी? तुमच्या मंडळींनी स्वतः ठाण्यावर येऊन फिर्याद दिलीय!"

"ठाण्यावर?" तो हसला. "असं होय. कधी?"

"काल दुपारी."

"बरं झालं सांगितलंत. ठेवा ती कोंबडी." सुगंधाबाई आत दाराला धरून उभ्या होत्या, पदर तसाच. मी आणखी दोन गरे तोंडात टाकले आणि निघालो.

ठाण्यात येऊन साहेबांना रंगवून रंगवून सांगितलं. साहेब ऐकत होते. "कोंबडी कुणाच्या हातात दिलीस?"

"नवऱ्याच्या."

"तो काय म्हणाला?"

"म्हणतो कसा, मी माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही!" आणि मी हसलो.

साहेब हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. गप्प बसले. डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि ते त्यालाही काही बोलले नाहीत. मग ते फक्त बायकांसाठी राखून ठेवलेल्या त्या खालच्या आवाजात म्हणाले, "ज्या घरात अंडं येत नाही, त्या घरातली बाई उन्हातून चालत कोंबडीची फिर्याद द्यायला का आली असेल, गुरव? आणि ती आली होती हे तू कुणाला सांगून आलास?"

माझ्या मिशीला फणसाचा चीक लागला होता. तो तसाच घेऊन मी जीपमध्ये चढलो.

खळ्यात कोंबडी पडली होती, मान पिरगळलेली. अंडं न चालणाऱ्या माणसाच्या दारात. मुकादम कामावर जायच्या तयारीत, डोक्याला तेल लावून बाहेर आला. मला वाटलं, आता साहेब त्याला कच्चा खाणार. पण साहेबांनी नमस्कार केला. "तुमच्या कारखान्याकडे चोऱ्या वाढल्यात म्हणतात. तुमच्यासारख्या जबाबदार माणसाचा सल्ला हवाय. बसा जीपमध्ये." मुकादम खुशीत जाऊन बसला. ड्रायव्हर त्याला घेऊन गेला, आणि मग साहेब उंबऱ्याखालच्या पायरीवर घराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले.

"बाई, मी इथेच आहे. तो परत येणार नाही. बोला."

आतून आवाज फुटेना. नुसती खरखर. त्या खरखरीतून जे आलं ते मी आजही हसून सांगू शकत नाही, आणि हसून सांगणं हाच माझा धंदा. "माझ्या डोळ्यांदेखत तिची मान मोडली. म्हनाले, ही घे तुझी फिर्याद, मिटली. मग माझा गळा धरला. म्हनाले, राहिलेलं सांजचं आल्यावर."

"पोर कुठे आहे?"

"शाळेत. आज पेपर तिचा."

"गुरव, धाव. पोर तुझ्या कडेवर दिसली पाहिजे मला." मग बाईला म्हणाले, "माहेर कुठलं?"

"दाभोळ."

"तो आधी तिथंच जाईल. त्याला ठाऊक नाही असं कोण आहे?"

"मावशी. बुरोंडीला. ते कधी गेले नाय तिकडं."

"मग बुरोंडी. पण आधी सिव्हिल. गळ्यावरच्या खुणा चार दिवसांत जातात, डॉक्टरने कागदावर उतरवल्या की जात नाहीत."

नवऱ्याच्या छळाबद्दलचं नवं कलम तेव्हा नुकतंच आलं होतं. साहेबांनी ते लावलं आणि मुकादमाला आत टाकलं. संध्याकाळी वाडीतली वजनदार मंडळी ठाण्यात हजर, हातात नारळ. "साहेब, घरगुती बाब आहे. देवासमोर नारळ ठेवू, हातात हात देऊ, विषय संपवू."

त्या दिवसाचं सगळं ओरडणं साहेबांनी साठवून ठेवलं होतं बहुतेक. "या! एकेकाने हात पुढे करा! डॉक्टरने तिच्या गळ्यावरच्या बोटांच्या खुणा लिहून दिल्यात. कुणाची बोटं बसतात बघू! नाही बसत? मग ज्याची बसतात तो आत राहील!"

एकजण चाचरत म्हणाला, "आम्हाला ऐकू यायचं हो रात्रीचं, पण नवरा-बायकोच्या मध्ये बोलणार कसं?"

"कोंबडी ओरडली असती तर धावला असतास की नाही, मेल्या?"

माणसं नारळ टेबलावर ठेवून गेली. साहेबांनी तो मला फेकून मारला. मी चुकवला, नाहीतर ही गोष्ट दुसऱ्या कुणाला लिहावी लागली असती.

पाऊस लागायच्या आत साहेबांची बदली झाली. कुणी केली ते विचारू नका, नारळ कुणाकुणाकडे पोचले असतील ते तुम्हाला ठाऊक आहे. मुकादम जामिनावर सुटला आणि भजनात पहिल्या रांगेत बसून टाळ वाजवताना मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लोक त्याच्या पाया पडत होते. आजही आठवलं की माझ्या जिभेवर तिरफळ फुटतं. पण बाई आणि तिची पोर त्याला सापडल्या नाहीत, हे तेवढं खरं.

एसटी स्टँडवर साहेबांची ट्रंक मी चढवली. उलटी ठेवली म्हणून ओरडून घेतलं. गाडी सुटता सुटता खिडकीतून त्यांनी विचारलं, "गुरव, कोंबडीची फिर्याद आली की पहिलं काय विचारायचं?"

मी तयारच होतो. "घरात कोंबड्या आहेत का, साहेब."

"गाढवा! घरात कोण आहे ते!"

हे त्यांचं मला उद्देशून शेवटचं वाक्य. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात ते गेले. कुणावर तरी ओरडता ओरडताच छातीत कळ आली म्हणतात. मला वाटतं, कुठल्या दोन शब्दांवर ते मला माहीत आहे.

पुढे मी खराखुरा हवालदार होऊन दापोलीकडच्या एका चौकीत गेलो. एके सकाळी कागदात डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात दारातून बाईचा आवाज आला, "कोंबडी गेली माझी." मान वर न करता मी शिपायाला म्हटलं, "बाहेर जाऊन जीपचा नंबर बघून ये." आमच्या चौकीला जीप नव्हती, तरी तो बघायला गेला, अशी शिस्त. मी खुर्ची भिंतीकडे फिरवली, जमेल तेवढा आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरात कोण आहे, बाई?"

मागून हसण्याचा आवाज आला. "मी, मावशी आनि पोर. पन हवालदारसाहेब, ह्या खेपेला कोंबडी खरंच गेलीय ओ!"

मी वळलो. सुगंधाबाई. गळा उघडा, त्यात काळ्या मण्यांच्या जागी एक साधी साखळी. मुलगी बाहेर सायकल धरून उभी. थोडं इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी विचारलं, "ते ओरडनारे साहेब कुठं असतात आता?"

मी सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मग आता ओरडनार कोन?"

ती कोंबडी मला सापडली नाही. पण त्याच आठवड्यात शिपाई आत येऊन म्हणाला, "हवालदार, एक बाई आलीय रडत. काही नाही, घरगुती बाब आहे." मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो. आवाज फाटला, बांग द्यायला शिकणाऱ्या कोंबड्यासारखा. चौकीतली पोरं तोंड दाबून हसली.

मी पुन्हा ओरडलो.