करपलेलं तेल

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात कोणाच्याच डोक्याला धड वास येत नाही. मी शिकवते त्या शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई मधूनच विचारतात, "काही जळून राह्यलं काय हो?" मी म्हणते, कोणी पऱ्हाट्या पेटवल्या असतील. घाटंजीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कुठे ना कुठे पेटलेल्या असतातच, त्यामुळे ते खपून जातं.

जळालेलं असतं आमचं तेल. माझ्या सासूबाईंना, आत्याबाई म्हणते मी त्यांना, पावसाळ्यात मोठा ताप आला. तापात वारा लागावा म्हणून मी त्यांची बाज ओसरीच्या पार टोकाला नेली. ताप उतरला, पण त्यांना वास येणं बंद झालं ते झालंच. बाजही तिथेच राहिली. परत ओढून आणायचं त्राण कोणाच्या अंगात होतं?

तिळाच्या तेलात माका, जास्वंद, कढीपत्ता टाकून ते लोखंडी कढईत कढवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हिरवा कच्चा वास मेला की कढई उतरवायची. माप नाही, घड्याळ नाही, सगळा कारभार नाकावर. आता वास कधी मरतो ते त्यांना कळत नाही. कच्चं राहील या धाकाने कढई चुलीवरच राहते आणि तेल करपतं.

पण सांगायचं कोणी? मुलगी म्हणाली, मी नाही. हे म्हणाले, "राहू दे ना, तेवढंच तर काम उरलं तिच्याजवळ." तेही खरं होतं. स्वयंपाक माझ्याकडे आला, शेतात जाणं गुडघ्यांनी बंद केलं. कढईही काढून घेतली तर त्या दिवसभर नुसत्या बसून राहतील. म्हणून अळीमिळी गुपचिळी. दर रविवारी त्या आमच्या डोक्यांना ते तेल चोळायच्या आणि आम्ही मुकाट बसायचो.

वर त्यांच्या आंघोळी. सकाळी रिठे-शिकेकाई, दुपारी बेसन-हळद, संध्याकाळी पुन्हा बादली. नळ कधी येईल त्याचा नेम नाही. शाळेतून आल्यावर ड्रम भरायचा मी, आणि कंबर धरायची तीही माझीच. म्हातारपणी ही कसली नटण्याची हौस, असं मनात यायचं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याची आंघोळसुद्धा सलते.

परवाच्या रविवारी ड्रमाचा तळ दिसत होता. अंगणातल्या चुलीवर कढई होती आणि आत्याबाई म्हणाल्या, "बादलीभर पाणी काढून ठेवजो माह्यासाठी." माझा तोल गेला.

"कितीदा आंघोळ करता आत्याबाई? आणि ते तेल उतरवा आधी. दरवेळी करपते तुमचं. तुम्हाले वास येत नाही!"

बोलून बसले आणि माझंच तोंड मला नकोसं झालं. त्यांनी शांतपणे कढई उतरवली.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुही पोरगी श्वास धरून बसते तेल लावताना. तिच्या तोंडावरून समजलं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तुमी कोणी सांगता का, ते पाह्यत होतो. तेलाचं तोंडावरून कळते. माह्या अंगाचं कसं कळन? माह्या सासूच्या अंगाले वास येत होता शेवटी शेवटी. तिले कोणी सांगितलं नाही. आमी नुसती तिची बाज दूर सरकवली." चुलीतलं लाकूड मागे ओढत त्या म्हणाल्या, "म्हणून धुतो बाई, घडीघडी."

बाज वाऱ्यासाठी नेली होती, हे आता सांगून कोणाला पटणार?

त्यांनी पदर सारला आणि मान पुढे केली. "हुंगून पाह्य. खरं सांगजो."

मी वाकले. मानेजवळ शिकेकाई होती, थोडी हळद होती, आणि सगळ्यांवर ते मेलं करपलेलं तेल.

"तेलाचाच येते," मी म्हणाले.

"नुसता तेलाचाच?"

"नुसता तेलाचाच. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांसारखा."

त्या हसल्या नाहीत. डोळे मात्र पुसले. "मंग आज पाणी राहू दे," म्हणाल्या. "पुढच्या रविवारी तू बस चुलीपाशी. वास मेला की सांगजो मले."

म्हणजे माझा रविवारही गेला. पाय दुखत होतेच. तरी मी ओसरीच्या टोकाला गेले आणि त्यांची बाज ओढत ओढत आमच्या दाराशी आणली.